सांगून जाणाऱ्या बाई

"मी ऑफिसात चाललेय. खडू संपलेत. खडू घेतले की आलेच!"

वर्गाच्या चौकटीला हात टेकून, एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून बाई असं जाहीर करायच्या. समोर बालवाडीच्या मोठ्या गटातली पोरं. निम्मी नाक पुसत असायची, उरलेली शेजारच्याच्या डब्यात काय आहे ते बघत असायची. बाई कुठे चालल्यात याची कोणाला पडलेली होती! पण बाई सांगायच्याच. पाणी प्यायला निघाल्या तरी सांगून आणि मुख्याध्यापिकांनी बोलावलं तरी सांगून. परत आल्या की दारातूनच विचारायच्या, "आले की नाही मी?" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची, "आलाऽऽत!"

आम्हा आयांना याची भारी गंमत वाटायची. पोरं सुटायची वाट बघत आम्ही शाळेच्या गडग्याला, म्हणजे चिऱ्याच्या बुटक्या भिंतीला टेकून उभ्या असायचो, तेव्हा आमच्यातली एक बाईंची हुबेहूब नक्कल करायची. "मी आमटीत मीठ घालायला चाललेय हो! मीठ घातलं की आलेच!" आम्ही पोट धरून हसायचो. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

आता अशी माणसं तुम्हीही बघितली असतील, ज्यांचं सगळं बरोबर असतं आणि म्हणूनच सुरुवातीला ती डोक्यात जातात. बाई तशा होत्या. उंच, शिडशिडीत, सुती साडी घोट्याच्या वर आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. "तुमच्या रत्नागिरीच्या चढउताराला चपला टिकत नाहीत हो," असं वर आम्हालाच ऐकवायच्या. वडील मूळचे कराडकडचे, नोकरीला पोफळीच्या पॉवरहाऊसमध्ये. बाई तिथल्या कॉलनीत वाढलेल्या, त्यामुळे बोलणं ना धड घाटावरचं ना धड आमचं. वाक्याच्या शेवटी 'की' लावायच्या आणि मधेच एखादं बायकांना म्हणायचं 'गो' टाकायच्या, तेही भलत्याच माणसाला. एकदा शाळेच्या शिपाईमामांना "काय गो, घंटा नाही दिली?" म्हणाल्या. मामा दिवसभर लाजत होते.

आणि आवाज! बाई तुमच्या कानात काही सांगायला लागल्या तर ते मारुती मंदिरच्या सर्कलला ऐकू जायचं. गुपित म्हणून बाईंना काही सांगायची सोयच नव्हती.

त्यांच्या आधीच्या बाई पुष्कळ वर्षं आमच्या बालवाडीत होत्या. आमच्यातल्या काही जणी तर स्वतः त्यांच्याच हाताखाली बडबडगीतं शिकलेल्या. त्या बाईंची एक पद्धत होती. रडणारं पोर आईच्या हातातून घ्यायचं, "तो बघ, तो बघ, कावळा!" म्हणून त्याची मान वळवायची आणि डोळ्यांनी आईला खुणवायचं, पळ! की आम्ही पळायचो. कोपऱ्यावर जाऊन श्वास घ्यायचा. पोराने मागे वळून बघितलं की आई नाही. थोडा वेळ किंचाळायचं आणि मग गप्प व्हायचं. आम्हाला वाटायचं, झालं, रमलं.

नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी हे मोडीत काढलं. एका आईने नेहमीसारखं पोराला आत ढकललं आणि पाठ फिरवून धूम ठोकली. बाई गेटातून गरजल्या, "अहो ताई! पळताय कुठं? चोरी केलीय काय?" सगळा रस्ता बघायला लागला. बाईंनी तिला परत आणली, पोरासमोर उकिडवी बसवली आणि म्हणाल्या, "सांगा त्याला. मी चालले, शाळा सुटली की इथंच उभी असेन. एवढं सांगा आणि मग जा."

"पण तो रडेल ना बाई!"

"रडू दे की. आई चाललीय, मग काय हसेल?"

झालं. त्या आठवड्यात आमच्या शाळेपुढून जाणाऱ्या माणसाला वाटलं असेल, आत पोरांना मारतायत. एक थांबलं की दुसरं सुरू. व्हॉट्सॲपवरच्या पालकांच्या ग्रुपवर तर आग लागली होती. 'जुन्या बाई बऱ्या होत्या', 'मुलांच्या मनावर परिणाम होतो', 'आमच्या मुलाला ताप आला'. बाई ग्रुपवर होत्या, पण एका अक्षराने उत्तर देत नव्हत्या. कोणीतरी गेटवर तोंडावर विचारलं तर म्हणाल्या, "मोबाईलात मला तुमचं तोंड दिसत नाही. इथं बोला, मी रोज इथंच असते."

आणि खरोखर रोज असायच्या. शाळा सुटताना पोर आईच्या हातात देताना त्यांचा एक ठरलेला व्यवहार होता. "एक माझं, एक तुमचं." म्हणजे आज वर्गात पोराने काय केलं ते एक बाई सांगणार, आणि घरी काय चाललंय ते एक आपण सांगायचं. त्या सांगायच्या, "आज ह्यानं स्वतःचा लाडू मोडून शेजारणीला दिला." मग आपली पाळी. पहिल्या पहिल्यांदा आम्हाला काही सुचायचं नाही. एकीने सांगितलं, "आमचा मांदेली असल्याशिवाय जेवत नाही." बाई शुद्ध शाकाहारी. गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "मांदेली कोण? तिला पण पाठवा की शाळेत." गडग्याला टेकलेल्या आम्ही सगळ्या हसून हसून रडकुंडीला आलो. बाईंना मासा आहे म्हणून सांगितलं, तेव्हा आमच्यापेक्षा जास्त त्याच हसल्या.

हळूहळू इतरांची पोरं रडायची थांबली. आई सांगून जाते आणि सांगितलेल्या जागी उभी असते, हे पोरांना पटलं असावं. ग्रुपवरची आग विझली. एकेक आई 'तुमचं' सांगताना रेंगाळायला लागली. घरात आजारपण आहे, बाळ होणार आहे, नवरा-बायकोचं वाजलंय, असलंसुद्धा. माझंच घोडं अडलेलं होतं.

माझी मुलगी ओवी. तेव्हा पाचाला आली होती. घरी तोंडाचा पट्टा अखंड चालू. शाळेत मात्र ती रडत नव्हती, बोलत नव्हती आणि बसतही नव्हती. वर्गात शिरली की दारापाशी उभी राहायची, दप्तर पाठीवर तसंच. सतरंजीवर बस म्हटलं तर मान हलवायची. डबा उभ्यानेच खायची. सगळी पोरं गाणं म्हणत फेर धरायची आणि ही आपली दारात, एकदा आत बघायची, एकदा बाहेर. जूनपासून हेच चाललं होतं.

बाई रोज विचारायच्या, "घरी काही झालंय का?"

"छे! काही नाही," मी रोज सांगायची. "भात कमी खाते जरा." हे माझं 'एक'. दुसऱ्या दिवशी, "रात्री लवकर झोपत नाही." तिसऱ्या दिवशी, "मामाकडे जायचा हट्ट धरलाय." घरातलं घरात ठेवायचं, हे माझ्या अंगात मुरलेलं. तुम्ही म्हणाल, लपवण्यासारखं होतं काय? खरं सांगू, मला तेव्हा लपवतेय असं वाटतच नव्हतं. आमच्यात ते सगळ्यांकडेच तसं असतं.

ओवीचे बाबा बोटीवर असतात. तेलाच्या मोठ्या बोटीवर फिटर आहेत. कंपनीचं बोलावणं आलं की सहाआठ महिने घर नाही. आणि आमच्या घरात, आमच्याच काय, आमच्या अख्ख्या आळीत रीत अशी, की बोटीवर जाणारा माणूस निघताना पोरांना सांगत नाही. पोर झोपलेलं असताना निघायचं, नाहीतर पोराला कुठेतरी पाठवून द्यायचं. जाणाऱ्याच्या मागे रडणं नको, ते चांगलं नसतं, असं माझ्या सासूबाईंचं, आईंचं म्हणणं. मागच्या वर्षी हे निघाले तेव्हा आईंनी ओवीला शेजारच्या काकूंकडे पाठवलं, त्यांच्या मांजरीला पिल्लं झाली होती ती बघायला. पिल्लं बघून ती नाचत घरी आली तर बाबा नाहीत.

"बाबा कुठे?"

"बाजारात गेलेत, खाऊ आणायला," आई म्हणाल्या. मीही मान डोलावली.

त्या संध्याकाळी ती पायरीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही. मग विचारायची थांबली आणि आम्ही म्हटलं, विसरली. बोटीवरून ह्यांचा व्हिडिओ कॉल यायचा, त्यात ती बोलायची. पण फोनात काय, मामासुद्धा दिसतो आणि तो तर चार घरं सोडून राहतो. गणपतीच्या आधी हे सुट्टीवर आले. एवढी मोठी बॅग, चॉकलेटं, बोलणारी बाहुली. ओवीने बाहुलीला हातही लावला नाही. बाबांकडे बघत तिने विचारलं, "बाजार एवढा लांब असतो?"

घरात सगळे हसले. हेही हसले. मला हसू आलं नाही.

बाबा घरी आल्यावर पोरगी सुधारेल असं वाटलं होतं, तर उलटंच झालं. सकाळी शाळेला निघायलाच तयार होईना. नेऊन सोडली की पुन्हा दारात उभी. मुख्याध्यापिका वाईट बाई नव्हत्या, पण त्यांनी मला एकदा ऑफिसात बसवून स्पष्ट सांगितलं, "दिवाळीच्या सुट्टीनंतर थोडे दिवस बघू. नाही बसली तर वर्षभर घरी ठेवा. उगाच तिचे हाल आणि वर्गाचेही." आणि दिवाळीनंतरच ह्यांना बोटीवर बोलावणं येणार होतं. पोर शाळेबाहेर, नवरा समुद्रात आणि आळीत चर्चा की हिच्या मुलीत काहीतरी कमी आहे.

मग एक दिवस वर्गातले रंग संपले. बाईंनी नेहमीप्रमाणे चौकटीत उभं राहून जाहीर केलं, "मी बाजारात चाललेय. रंग घेते आणि आलेच!"

पुढचं मी शिपाईमामांकडून ऐकलं. जी पोरगी शाळेत तोंड उघडत नव्हती, तिने बाईंच्या कमरेला मिठी मारली आणि अशी किंचाळली की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. "बाजारात नाही! बाजारात नाही जायचं!" मामांनी सोडवायला बघितलं तर त्यांना चावली. बाई गेल्या नाहीत. खाली बसल्या आणि शाळा सुटेपर्यंत तिला मांडीवर घेऊन बसल्या. उरलेला वेळ पोरांनी सगळी चित्रं काळ्या रंगाने रंगवली, कारण तेवढाच शिल्लक होता.

मी गेटवर गेले तेव्हा बाई ओवीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. ओवी झोपली होती. बाईंनी त्यांच्या त्या कुजबुजत्या आवाजात, म्हणजे सगळ्या आयांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाजारात काय झालं होतं हो?"

माझा बांधच फुटला. तिथे गडग्यापाशी, सगळ्यांच्या देखत, मी सगळं सांगून टाकलं. मांजरीची पिल्लं, पायरीवरची ती संध्याकाळ, एवढा लांबचा बाजार, सगळं. मला वाटलं आता बाई मला फाडून खाणार. त्यांचा स्वभाव बघता ते रास्तच होतं. पण त्या ओवीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मग बरोबर आहे की तिचं. नजर हलली की माणसं जातात, असं तिला वाटतंय. म्हणून दारात उभी राहून पहारा देते. बिचारीला बसायला फुरसत कुठंय?"

मी रडतच होते. माझ्या नकलाकार मैत्रिणीने माझा हात धरला. तिचा नवरा मुंबईला असतो, दर सणाला येतो नि जातो. ती हळूच म्हणाली, "आमच्याकडे 'दाढी करायला गेलेत' म्हणून सांगतात."

"पुन्हा कधी जायचेत ते?" बाईंनी मला विचारलं.

"दिवाळीनंतर."

"मग वेळ आहे. त्यांना घेऊन या की एकदा."

ह्यांना शाळेत न्यायचं म्हणजे कर्मकठीण. इंजिनरूममध्ये न घाबरणारा माणूस बालवाडीच्या दारात घाम पुसत होता. सतरंजीवर मांडी घालून बसले आणि बाईंकडे न बघता म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं पटतंय. पण माझ्याने व्हायचं नाही. ती रडायला लागली तर माझा पाय निघणार नाही. गुपचूप गेलं की बरं असतं."

"कोणाला बरं?" बाईंनी विचारलं.

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं संसार केला, पण हा माणूस निघताना घाबरतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं बोटीवरच्या माणसांना सवय असते.

"तुम्ही पण रडा," बाई म्हणाल्या. "रडत रडत जा. पण तिला सांगून जा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी इथं काही करू शकत नाही. तिनं माझ्यावर तरी विश्वास का ठेवावा?"

उरल्या आमच्या सासूबाई. ते सोपं नव्हतं. एका रविवारी बाई स्वतःच घरी आल्या, पायातले पांढरे बूट पायरीवर काढून थेट स्वयंपाकघरात. आई आंबोळ्या घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही घाटावरच्या. समुद्रावर जाणाऱ्या माणसाचं तुम्हाला काय ठाऊक?"

"काहीच नाही ठाऊक," बाई म्हणाल्या. "म्हणून तर विचारायला आले."

आईंनी एक आंबोळी उलटली, ताटात वाढली, आणि मग सांगायला लागल्या. मी लग्न होऊन या घरात आले त्याला बरीच वर्षं झाली, पण हे मीही ऐकलं नव्हतं. सासरेही बोटीवर होते. एकदा निघताना त्यांनी मुलाला सांगितलं. हे तेव्हा ओवीएवढे. टॅक्सी सुटली आणि हे तिच्या मागे धावले ते पाखाडीच्या, त्या उताराच्या दगडी वाटेच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली. हनुवटी फुटली. अंगातला शर्ट रक्ताने भिजला. टॅक्सी थांबली नाही, कारण सासऱ्यांना मागचं काही कळलंच नाही. "हे गेले, आणि मी मेली एकटी त्या पोराला घेऊन सिव्हिलला धावतेय," आई म्हणाल्या. "त्या दिवशी ठरवलं. जायचं तर गुपचूप जा. पोराने बघायला नको."

बाईंच्या तोंडून मी एरवी हळू आवाज कधी ऐकला नाही. त्या दिवशी ऐकला. "एकट्या होतात तुम्ही," त्या म्हणाल्या. "एकटीनं दुसरं काय करायचं?" थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आता ही आहे, मी आहे. धरून ठेवू की ओवीला. पळू देणार नाही आपण."

आईंनी हो म्हटलं नाही. त्या तोंडाने होकार देणाऱ्यांतल्या नाहीतच. बाईंच्या ताटात त्यांनी आणखी एक आंबोळी वाढली आणि वर नारळाचा रस ओतला. मी समजले.

दिवाळी झाली. ओवीला आम्ही आधीच सांगायला लागलो. हे रोज तिला मांडीवर घेऊन बोटीचे फोटो दाखवायचे, इथे झोपतो, इथे जेवतो, हे माझं काम. ती ऐकायची आणि विचारायची, "बाजारात?" हे म्हणायचे, "नाही. तेव्हा आम्ही खोटं सांगितलं. बोटीवर."

निघायच्या दिवशी सगळं बाईंनी ठरवून दिलं होतं तसं झालं. रिक्षात बॅगा घालून आम्ही सगळे आधी शाळेच्या गेटपाशी आलो, तिथून हे स्टेशनवर जाणार होते. आईही आल्या. माणूस निघताना आई स्वयंपाकघरातून बाहेर येत नाहीत, दाराकडे पाठ करून देवापुढे बसून राहतात. त्या दिवशी चपला घालून आल्या आणि गडग्यापाशी उभ्या राहिल्या.

हे ओवीसमोर उकिडवे बसले. "ओवी, बाबा बोटीवर चाललेत. आता लगेच. खूप दिवस येणार नाहीत. शिमगा होईल, आंबे येतील, मग बाबा येतील."

ओवीने त्यांचा शर्ट मुठीत धरला. "मी बघत राहिले तरी जाणार?"

हे वर बघायला लागले, बाईंकडे. बाईंनी काही मदत केली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या.

"हो बाळा," हे म्हणाले. "तू बघत राहिलीस तरी जाणार."

मग ती जी रडली! तिने बाबांना मारलं, बोचकारलं, गळ्याला मिठी मारली, पुन्हा मारलं. हे तिच्याएवढेच रडत होते. इतर आया पोरांना घेऊन थबकल्या होत्या, कोणी पुढे सरकत नव्हतं. शेवटी बाईंनी ओवीला अलगद कडेवर घेतलं आणि घट्ट धरलं. "तो बघ कावळा" नाही आणि काही नाही. तिचं तोंड रस्त्याकडेच ठेवलं. "बघ," म्हणाल्या. "पोट भरून बघून घे बाबांना."

हे उठले आणि रिक्षाकडे वळले, तेवढ्यात आई पुढे आल्या. मुलाच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "जा हो बाबा. सांभाळून जा." एवढंच. चाळिशीचा माणूस आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. बोटीवर जायला लागल्यापासून आईने त्यांना दिलेला तो पहिला निरोप. रिक्षावालासुद्धा मीटर सोडून दुसरीकडे बघत होता.

त्या दिवशी मी घरी गेलेच नाही. गेटपाशीच बसून राहिले. दुपारी बाई बाहेर आल्या, साडीचा खांदा ओवीच्या शेंबडाने माखलेला. "बराच वेळ रडली," म्हणाल्या. "मग आपणहून दप्तर काढलं, खुंटीला लावलं आणि सतरंजीवर जाऊन बसली."

"बसली?" मला खरंच वाटेना.

"बसली तर! बसल्या बसल्या शेजारच्याला चिमटा काढला. उद्यापासून तुमच्याकडे तक्रारी यायच्या आता." आणि त्या मोठ्याने हसल्या. मी त्यांच्या गळ्यात पडले, शेंबडाची पर्वा न करता. मुख्याध्यापिकांनी घरी ठेवायचा विषय पुन्हा काढला नाही.

बाई आमच्याकडे फार टिकल्या नाहीत. उन्हाळ्यात त्यांच्या नवऱ्याची बदली घाटावर झाली. पोरांना त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, आणि मग रोज कोणीतरी रडतच घरी यायचं. शेवटच्या दिवशी मी आमसुलं आणि फणसपोळी बांधून नेली. बाईंनी पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "परत येईन असं मी म्हणणार नाही हां. ते मला ठाऊक नाही." मला तेव्हा रागच आला. मेलं खोटं खोटं तरी म्हणायचं, बरं वाटलं असतं! पण त्यांचं तोंड बघितलं आणि दिसलं, बाईंनाही जायचं नव्हतं. फोन करायचा तर त्या उचलत नाहीत. हल्ली मारुती मंदिरच्या गर्दीत पांढरे बूट दिसले की मी उगाच वर चेहरा बघते. कोणी दुसरीच असते.

हे आंब्याला आले, सांगितलं होतं तसे. जूनमध्ये ओवी पहिलीत गेली. नवी शाळा, नव्या बाई, तरुण, नुकत्याच लागलेल्या. पहिल्या दिवशी त्या दारात उभ्या राहून भराभर मुलं आत घेत होत्या आणि आयांना हाताने मागे सारत होत्या. "तुम्ही निघा, निघा, आम्ही बघतो." सगळ्या आया निघाल्यासुद्धा. मी ओवीला सांगितलं, मी चालले, सुटल्यावर इथेच असेन. ती "हं" म्हणाली आणि आत गेली. मी मात्र दारातून हलले नाही.

"काय हो, काही हवंय का?" नव्या बाईंनी विचारलं.

"एक सांगायचं होतं," मी म्हटलं. "हिचे वडील बोटीवर असतात. सध्या घरी आहेत, गणपती झाले की निघतील. निघतील त्या दिवशी ही इथे येऊन रडेल. खूप रडेल. तिला गप्प करू नका बाई, रडू द्या. आणि तुम्ही वर्गाबाहेर जाताना तिला सांगून जात जा."

नव्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मागे पोरांचा गलका चालला होता. त्यांनी वर्गाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि विचारलं, "अजून काही आहे का?"

"पुष्कळ आहे," मी म्हटलं आणि तिथेच पायरीवर बसले.